साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास

[दृश्य: नवजात अतिदक्षता विभाग]

हजार ग्रॅमचं बाळ. सुरुवातीला त्याला दिवसाला दूध लागतं १० ते २० मिली. दर दोन तासांनी नळीतून एक-दीड मिली. पण दिवस भरायच्या आत बाळंत झालेल्या आईला तेवढंही लगेच येईलच असं नाही. पावडरीचं दूध दिलं तर कच्च्या आतड्याला सूज येऊन ते सडण्याचा धोका वाढतो. अशा वेळी दूधपेढी: इतर आयांनी दान केलेलं दूध जंतुमुक्त करून साठवणारी. आशियातली पहिली पेढी मुंबईतच, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केली.

[दृश्य: दूध काढण्याची खोली]

दूध देणाऱ्या आईकडून तिच्या स्वतःच्या बाळाचं पोट भरून उरलेलं दूधच घ्यायचं. मोबदला नाही. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सिफिलिसच्या तपासण्या झालेल्या हव्यात. तंबाखूबद्दल विचारताना मिशरीचं नाव घेऊन विचारावं. मिशरीला तंबाखू न मानणाऱ्या बायका पुष्कळ.

हात साबणाने स्वच्छ, बाटली निर्जंतुक. बाटली पाऊणच भरायची, कारण गोठताना दूध फुगतं आणि काठोकाठ भरलेली बाटली तडकते.

[दृश्य: पाश्चरायझर, बाटलीत उतरवलेला तापमापक]

आता मुख्य काम: बाटल्या गरम पाण्यात ठेवून दुधातले जंतू मारायचे. ६२.५ अंश सेल्सिअस, ३० मिनिटं. गफलत होते ती इथेच: पाणी साडेबासष्टला पोचलं, की लोक घड्याळ लावतात. मोजायचं असतं दुधाचं तापमान, म्हणून एका बाटलीत तापमापक ठेवतात. बाहेरचं पाणी बाटलीतल्या दुधाच्या पातळीच्या वर हवं. नाहीतर वरचा थर कच्चा राहतो. जास्त तापवलं तर रोगप्रतिकारक घटक आणखी कमी होतात. थोडे या तापमानालाही जातातच, ते टळत नाही.

लगेच थंड करून नमुना कल्चरला, म्हणजे जंतू वाढतात का ते पाहायला. एकही जंतू वाढला, तर ते दूध ओतून द्यायचं. चांगलं निघालेलं उणे २० अंशांवर गोठवायचं.

[दृश्य: कोमट पाण्यात ठेवलेली बाटली]

वितळवायचं फ्रिजमध्ये किंवा कोमट पाण्यात. मायक्रोवेव्हमध्ये नाही. साय बाटलीला चिकटते, म्हणून हलकेच घुसळून घ्यायचं. वितळलेलं दूध फ्रिजमध्ये ठेवून २४ तासांत संपवायचं, पुन्हा गोठवायचं नाही.

आणि हे सगळं चालू असताना बाळाच्या आईला विसरायचं नाही. दिवसातून किमान आठ वेळा, रात्रीही, तिला दूध काढायला बसवायचं. तिचा पान्हा वाढेल तसं पेढीचं दूध कमी करत जायचं.