उंदराच्या पोटातले शेजारी

(दृश्य: पहाट. किराणा दुकानामागची बोळ. भिंतीलगत तारेचा पिंजरा, आत उंदीर.)

पिंजरा भिंतीला चिकटून ठेवलाय, कारण उंदीर मोकळ्या जागेतून सहसा जात नाही. मिशा भिंतीला घासत कडेकडेने पळतो. आमिष म्हणून भाजलेला सुका बोंबील पुरतो.

हा उंदीर कुणाकुणाच्या शेजारात राहतो, हे त्याच्या अंगातले परजीवी सांगतात. सगळे एकाच उंदरात सापडतील असं नाही.

(दृश्य: पांढरा एनॅमलचा ट्रे, बारीक दातांची फणी.)

सुरुवात पिसवांपासून. क्लोरोफॉर्मचा बोळा टाकलेल्या बंद पिशवीतून उंदीर काढायचा आणि लगेच ट्रेवर धरून विंचरायचा. उशीर झाला, अंग गार पडलं, की पिसवा नवं ऊबदार अंग शोधायला निघतात. म्हणूनच प्लेगच्या भागात आधी पिसवा मारतात, मग उंदीर. शेपटीतल्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला की कधीकधी तांबड्या पेशींना ढुशा देत वळवळणारा ट्रिपॅनोसोमा लेविसी हा एकपेशीय परजीवी दिसतो. पिसू चावून तो पसरत नाही. उंदीर अंग चाटताना पिसू किंवा तिची विष्ठा गिळतो, तेव्हा लागण होते. माणसात तो फार क्वचित आढळतो.

(दृश्य: यकृत, जवळून.)

यकृतावर दोन तऱ्हेच्या खुणा असतात आणि नवशिक्याची गल्लत इथेच होते. वाटाण्याएवढी गोल पांढरी गाठ असेल तर ती चिमट्याने अलगद फोडायची. आत शिजलेल्या शेवईसारखी गुंडाळलेली अळी असते. ती सोडवत गेलं की लांबतच जाते. ही मांजराच्या पट्टकृमीची, म्हणजे फितीसारख्या चपट्या जंताची अळी. म्हणजे धान्याच्या आसपास मांजराची विष्ठा पडते आहे.

दुसरी खूण वेडीवाकडी, पिवळट-पांढऱ्या रेघांची. तिथला कणभर तुकडा दोन काचपट्ट्यांमध्ये दाबला की पिंपाच्या आकाराची, दोन्ही टोकांना बूच बसवलेली अंडी दिसतात. हा कॅपिलारिया हेपॅटिका नावाचा जंत. मादी यकृतातच अंडी घालते आणि त्यांना बाहेर पडायला वाटच नसते. उंदीर मरून कुजला किंवा कुणी खाल्ला, तरच ती मातीत पोहोचतात. तिथे ओल आणि हवा मिळाली की महिनाभराने लागण करण्याजोगी होतात. म्हणून विष घालून मारलेला उंदीर परसात तसाच टाकणं हा सर्वांत वाईट प्रकार. माती तोंडात घालणारं रांगतं मूल तिथेच खेळतं. गंमत अशी, की खरी लागण झालेल्या माणसाच्या शौचतपासणीत ही अंडी दिसत नाहीत, त्यासाठी यकृताचा तुकडा तपासावा लागतो. शौचात अंडी दिसलीच, तर बहुधा त्या माणसाने बाधित प्राण्याचं यकृत खाल्लेलं असतं आणि अंडी नुसती पोटातून पार झालेली असतात.

(दृश्य: उभं चिरलेलं आतडं, मिठाच्या पाण्यात.)

लिटरभर पाण्यात साडेआठ ग्रॅम मीठ. साध्या पाण्यात जंत फुगून फुटतात. हायमेनोलेपिस डिमिन्युटा हा पट्टकृमी चांगला वीतभर, कधी दोन वीतही भरतो. त्याला ओढायचं नाही. आतड्याचा तेवढा तुकडा कापून घ्यायचा. ओढला की डोकं आत राहतं आणि ओळख तिथेच अडते. याच्या डोक्यावर आकडे नसतात, छोट्या हायमेनोलेपिस नानाच्या डोक्यावर असतात. डिमिन्युटाची अळी पिठातल्या तांबड्या भुंगेऱ्यात वाढते. न चाळलेलं कच्चं पीठ खाणाऱ्या मुलांच्या पोटातही ती त्याच वाटेने जाते.

शेजारी मण्यांच्या माळेसारखा जंत दिसला तर तो मोनिलिफॉर्मिस, आणि तो झुरळातून आलेला. त्याची काटेरी सोंड आतड्यात रुतलेली असते, त्यालाही हिसडा चालत नाही.

शेवटी फुप्फुसाची धमनी. लाल-पांढऱ्या पिळाच्या दोऱ्यासारखी मादी दिसली तर ती अँजिओस्ट्राँगायलस. मुंबईच्या उंदरांतही हा जंत नोंदलेला आहे. अळ्या उंदराच्या लेंड्यांतून गोगलगायीत जातात, तिथून पुन्हा उंदरात. अळ्या असलेली बारीक गोगलगाय कच्च्या भाजीबरोबर माणसाच्या पोटात गेली, तर अळ्या मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतात. पावसाळ्यात पालेभाजीचं पान नि पान सुटं करून धुवायचं ते यासाठी.

(दृश्य: बंद पिशवी, वाफाळतं पाणी.)

उंदीर दुहेरी पिशवीत घालून जाळायला जातो. ट्रे आणि पिंजरा उकळत्या पाण्याने धुवायचे. जंतांच्या अंड्यांना फिनाईलने फारसं काही होत नाही. संध्याकाळी पिंजरा पुन्हा त्याच भिंतीला.