'उर्वरित' कोकण आणि राज्यपाल अलेक्झांडर

मंडळी, राज्यपाल म्हटलं की शपथविधी आणि पदवीदान डोळ्यांसमोर येतं. महाराष्ट्राच्या राज्यपालाची गोष्ट थोडी वेगळी आहे. घटनेच्या कलम 371(2) प्रमाणे विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांची विकास मंडळं आणि निधीचं समन्यायी वाटप ही खास जबाबदारी राष्ट्रपती त्याच्यावर सोपवू शकतात. यात आपलं कोकण कुठे? 'उर्वरित'मध्ये, पुणे-नाशिक-कोल्हापूरच्या पंगतीला.

तरतूद 1956 ची. मंडळं झाली 1994 साली, पी. सी. अलेक्झांडर राजभवनात असताना. जन्म 1921, केरळातलं मावेलिकरा. 1948 च्या तुकडीतले सनदी अधिकारी, इंदिरा गांधींचे प्रधान सचिव, लंडनला उच्चायुक्त, मग तामिळनाडूचे राज्यपाल. जानेवारी 1993 मध्ये दंगलींनी होरपळलेल्या मुंबईत आले, ते जुलै 2002 पर्यंत. इतकी वर्षं इथे दुसरा राज्यपाल राहिलेला नाही. फाइल कुठे अडते हे आयुष्यभर पाहिलेला माणूस! त्यांनी 2001 मध्ये सरकारला निधीवाटपाचे निर्देश काढले.

या सगळ्याच्या मुळाशी शब्द आहे 'अनुशेष'. सिंचन, रस्ते, आरोग्य अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी धरायची, जिल्हा तिच्या किती खाली आहे ते पाहायचं. ती तूट भरायला लागणारा पैसा म्हणजे अनुशेष. दांडेकर समितीने 1984 मध्ये तो सुमारे 3,186 कोटी रुपये काढला. पुढच्या समितीने 1994 ची स्थिती धरून सुमारे 14,000 कोटी.

घोडं पेंड खातं ते सिंचनाच्या मापात. सगळ्या पिकांचं पाणी 'रब्बी ज्वारी समतुल्य' हेक्टरांत बदलून मोजायचं. आता आंबा-काजूच्या कातळाला ज्वारीची पट्टी कशी लागावी? आपल्याकडे पाऊस चार महिन्यांत कोसळतो, नद्या आखूड, उतार तीव्र, जांभ्यातून पाणी झिरपून जातं. इथे वहाळावरचे छोटे बंधारे कामाचे. शिवाय मोजली जाते ती निर्माण झालेली क्षमता. कालवा खणला, पाणी शेतात पोचलं नाही, तरी कागदावर अनुशेष घटतो.

मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. कोकणाला स्वतंत्र वैधानिक मंडळ हवं असेल तर राज्यपालांच्या आदेशाने भागणार नाही. कलमात महाराष्ट्रासाठी नावं तीनच आहेत. चौथ्यासाठी घटनादुरुस्तीच लागेल.