सभागृहाच्या कडेने एक तार

आमची ही चित्रफीत सुरू होते, तेव्हा सभेला अजून तीन तास आहेत. रिकाम्या सभागृहात दोन तंत्रज्ञ गुडघ्यांवर बसून भिंतीच्या कडेने तांब्याची चपटी पट्टी अंथरत आहेत आणि ती जिथे दारासमोरून जाते, तिथे कोणाचा पाय अडखळू नये म्हणून जाजमाची किनार पुन्हा नीट चिकटवत आहेत. या पट्टीचे वेटोळे पूर्ण झाले, की आत मांडलेल्या खुर्च्यांवर वक्त्याचा आवाज थेट श्रवणयंत्रात पोहोचवता येतो. हे इंडक्शन लूप.

कानात श्रवणयंत्र असताना लूप कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले, की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. सभागृहात त्यात भिंतींवरून परतणारा घुमारा आणि सरकणाऱ्या खुर्च्यांचा खरखराट मिसळतो आणि श्रवणयंत्र शब्दांबरोबर हेही मोठे करते. शिवाय वयोमानाने ऐकणे कमी होते, तेव्हा बहुधा वरच्या पट्टीतले ध्वनी आधी हरवतात. स, श, त, क पुसट होतात, स्वर तेवढे उरतात. 'ऐकू येते, पण कळत नाही' ही तक्रार शब्दशः खरी असते आणि तिला हट्टीपणा समजणे अन्यायाचे आहे.

ओठांवरून समजून घ्यावे म्हटले, तर चित्रफितीतले हे दृश्य पाहा. आवाज मुद्दाम बंद ठेवला आहे. समोरची व्यक्ती 'पाप', 'बाप' आणि 'माप' असे तीन शब्द उच्चारते आहे. ओठ तिन्ही वेळा एकसारखेच मिटतात.

आता पुन्हा तारेकडे. माइकमधला संकेत अ‍ॅम्प्लिफायरमार्गे पट्टीत विद्युतप्रवाह होऊन फिरतो, त्या प्रवाहाबरोबर खोलीतले चुंबकीय क्षेत्र बदलत राहते आणि श्रवणयंत्रातले टी-कॉइल नावाचे इवलेसे वेटोळे ते पकडून त्याचा पुन्हा आवाज करते. या कल्पनेचे पेटंट जोसेफ पोलियाकॉफ यांनी ब्रिटनमध्ये १९३७ साली घेतले. तार टाकली म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. तंत्रज्ञ मीटर घेऊन बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर क्षेत्राची तीव्रता मोजत जातात, कारण फरशीतल्या लोखंडी सळया ते क्षेत्र शोषून घेतात. आयईसी ६०११८-४ हे आंतरराष्ट्रीय मानक किती तीव्रता हवी हे ठरवून देते. इथे मधल्या रांगेत आकडा घसरला आहे. पट्टीचा एक भाग उचलून तिची मांडणी बदलली जाते आणि मोजणी पहिल्या खुर्चीपासून पुन्हा सुरू होते. हा वेळ आम्ही चित्रफितीत कापलेला नाही.

ज्यांच्या यंत्रात टी-कॉइल नाही, किंवा ज्यांच्याकडे यंत्रच नाही, त्यांच्यासाठी दाराजवळ हेडफोन जोडलेले रिसीव्हर ठेवले आहेत.

लूप मात्र माइकवर बोललेलेच पोहोचवतो. 'माझा आवाज मोठा आहे, मला माइक नको' असे म्हणून जो सदस्य उभ्याउभ्या बोलू लागतो, त्याचे बोलणे या तारेपुरते झालेलेच नसते. म्हणून सूत्रसंचालक प्रत्येक प्रश्नकर्त्याकडे माइक पोहोचेपर्यंत सभा थांबवतात.

सांकेतिक भाषा बोलणाऱ्यांना लूपचा उपयोग नाही. ती स्वतंत्र भाषा आहे आणि तिला दुभाषी लागतो. वक्त्याशेजारी, तोंडावर आणि हातांवर पुरेसा उजेड पडेल अशा जागी दुभाषी उभे राहतात आणि दर वीस-तीस मिनिटांनी एकमेकांची जागा घेतात. पडद्यावर बोलणे टंकित करणाऱ्या लेखनिकाला विषयपत्रिका आणि सदस्यांच्या नावांची यादी आदल्या दिवशीच दिलेली आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात ४३ कोटींहून अधिक लोकांना श्रवणासाठी पुनर्वसनसेवेची गरज आहे. सोय नसली, की अशी माणसे हळूहळू सभेला येणे सोडतात आणि ठराव त्यांच्याविना मंजूर होतात.

सभा सुरू झाली आहे. चौथ्या रांगेतल्या बाई कानामागे बोट नेऊन यंत्रावरचे बटण एकदा दाबतात आणि टी-कॉइल चालू करतात. थोड्या वेळाने त्यांचा हात वर जातो. माइक आपल्यापर्यंत येईपर्यंत त्या थांबतात आणि मग उभ्या राहून जमाखर्चातल्या दुसऱ्या ओळीबद्दल प्रश्न विचारतात.