पार्कर की हिरो?

काळं पेन, स्टीलचं टोपण, निबचं जेमतेम टोक बाहेर. कपाटात असं पेन सापडलं की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो पार्कर, दुसरा म्हणतो हिरो.

दोघांचंही म्हणणं अगदीच चूक नाही. अमेरिकेत 1941 मध्ये बाजारात आलेल्या ‘पार्कर 51’ची ही ठेवण शांघायच्या हिरो कंपनीने उचलली, आणि ती पेनं आपल्याकडे शाळकरी पोरांच्या खिशापर्यंत पोचली. म्हणून टोपणावरचा बाण पाहून हुरळू नका. बाण हिरोवरही असतो.

आता भिंग घ्या आणि पेन उजेडात तिरकं धरा. टोपणाच्या कडेला बारीक अक्षरांत कंपनीचं नाव दिसतं का? मग मागचा भाग फिरवून उघडा. आत धातूची नळी, तिच्यावर दाबायची पट्टी आणि इंग्रजीत कोरलेलं पार्करचं नाव असेल, तर पेन 1948 किंवा त्यानंतरचं. ही रचना त्याच वर्षी आली. हिरोतही अशी नळी असते; फक्त तिच्यावर नाव पार्करचं नसतं.

त्याआधीच्या पेनात नळी नाही. शेपटाकडची टोपी काढली की शाई ओढायचा दट्ट्या दिसतो. अशा अमेरिकी पेनावर सालाचा शेवटचा आकडा आणि टिंबं कोरलेली असतात. समजा 5 आहे आणि दोन टिंबं. 1935 मध्ये हे पेन जन्मालाच आलं नव्हतं, 1955 पर्यंत दट्ट्या गेला होता. म्हणजे साल 1945. तीन टिंबं पहिल्या तिमाहीची, दर तिमाहीला एक कमी. तेव्हा ही दुसरी तिमाही. इतका चोख पुरावा जुन्या पेनांत क्वचितच मिळतो.

किमतीचं मात्र जरा जमिनीवर राहूनच बोलावं. ही पेनं लाखोंनी विकली गेली. संग्राहक निबच्या टोकाचा दाणा पाहतो, तडा पाहतो, टोपणाचे पोचे पाहतो. पहिल्या वर्षाचं किंवा दुर्मीळ रंगाचं असेल तर गोष्ट वेगळी. पेनावर मालकाचं नाव कोरलेलं असेल तर भाव थोडा उतरतो, पण ते घासून काढलं तर आणखी उतरतो. आणि सोनं बघायला निबवरचं आवरण पिळू नका. ते लाखेने चिकटवलेलं असतं, जोर लावला की तडकतं.

दट्ट्याचं पेन असेल तर निब साध्या पाण्यात बुडवून दट्ट्या दाबा. बुडबुडे आले नाहीत तर आतला रबरी पडदा बहुधा गेलाय. तो बदलायचा खर्च घेणारा भावातून कापणारच.