नऊशे नव्याण्णव डॉलरची फळी

दृश्य: रिकामा पांढरा फळा. मार्करचा आवाज. एक उभी रेघ, मग एक आडवी.

निवेदन:

दोन रेघा, चार चौकोन. वर लिहायचं 'घरगुती' आणि 'व्यावसायिक'. बाजूला लिहायचं 'टेबलावरचा' आणि 'बरोबर नेण्याचा'. झाली कंपनी.

१९९७ साली स्टीव्ह जॉब्झ ॲपलमध्ये परतले, तेव्हाची ही गोष्ट. व्यवस्थापन शिकवणाऱ्यांनी ती इतकी गिरवलीय, की आता चौकोन तेवढे आठवतात आणि त्यांत काय भरलं ते विसरलं जातं. आपण एकाच चौकोनाकडे बघणार आहोत. घरगुती, बरोबर नेण्याचा. म्हणजे साध्या माणसाचा लॅपटॉप. चौघांत हा सर्वांत शेवटी भरला. आणि तिथे योग्य माल योग्य किमतीला ठेवणं ॲपलला आजतागायत सर्वांत जड गेलंय.

दृश्य: नव्वदच्या दशकातले करडे संगणक, एकामागून एक. पडद्यावर फक्त त्यांचे नंबर.

निवेदन:

परफॉर्मा ६२००. ६२०५. ६२१४. ६२१६. ६२१८. ६२२०. ६२३०.

हे ॲपलचे घरगुती संगणक. डबा तोच. फरक एवढाच की कुठे मोडेम आहे, कुठे डिस्क थोडी मोठी, कुठे सोबतचं सॉफ्टवेअर वेगळं. अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसाखळ्यांसाठी निरनिराळे संच बांधायचे आणि प्रत्येकाला नवा नंबर चिकटवायचा, असा तो खाक्या. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, खोगीरभरती.

लॅपटॉपचीही तीच तऱ्हा. १९९५ चं पॉवरबुक ५३०० घ्या. नुसतं ५३०० म्हणजे करडा पडदा. सीएस म्हणजे रंगीत, पण फिकट आणि मंद. सी म्हणजे चांगला रंगीत. सीई म्हणजे त्याहून बारीक ठिपक्यांचा. हे गिऱ्हाइकाला कळायचं कसं? विकणाऱ्यालाही कळत नव्हतं. त्यात या ५३०० च्या सुरुवातीच्या दोन यंत्रांच्या लिथियम बॅटऱ्या पेटल्या, माल परत मागवावा लागला आणि जुन्या धाटणीच्या बॅटऱ्या बसवाव्या लागल्या.

१९९७ च्या आर्थिक वर्षात ॲपलचा तोटा शंभर कोटी डॉलरच्या वर गेला. जॉब्झ यांनी नंतर भर सभेत सांगितलं, की आपण आलो तेव्हा मूळ प्रकारच पंधरा होते आणि त्यांची पिलावळ वेगळी. मित्राने विचारलं कुठला घेऊ, तर सांगायचं काय, हा त्यांचा प्रश्न होता. कंपनीत कुणाकडे त्याचं सरळ उत्तर नव्हतं.

दृश्य: गोदाम. रिकाम्या होत जाणाऱ्या मांडण्या.

निवेदन:

मॉडेल वाढलं की खरा भार गोदामावर येतो. प्रत्येक नंबराचा माल आधी बनवून ठेवावा लागतो आणि त्यातला कुठला उठेल याचा अंदाज बांधावा लागतो. अंदाज चुकला की माल पडून राहतो. संगणक हा माल तर भाजीसारखा, आज पडून राहिला तर उद्या भाव उतरलाच. १९९८ च्या मार्चमध्ये पुढे ॲपलचे प्रमुख झालेले टिम कुक आले आणि त्यांनी हीच बाजू हातात घेतली. एकोणीसपैकी दहा गोदामं बंद केली. मुख्य पुरवठादार शंभरावरून चोवीसवर आणले. फळ्यावरच्या चौकोनांचं कौतुक होतं ते होऊ द्या, पैसा इथे वाचला.

मे १९९८ मध्ये घरगुती, टेबलावरचा आयमॅक दाखवला गेला, १,२९९ डॉलरचा. व्यावसायिक लॅपटॉपच्या चौकोनात पॉवरबुक जी-३ आलं. आपला घरगुती लॅपटॉपचा चौकोन मात्र रिकामा. तो तसाच रिकामा दाखवण्याची हिंमत त्यांनी केली, हे मला त्या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत आवडतं. कुठलंतरी जुनं यंत्र रंगवून तिथे बसवता आलं असतं.

दृश्य: २१ जुलै १९९९, न्यूयॉर्क. निळ्या आणि नारिंगी रंगाचे गोलसर लॅपटॉप.

निवेदन:

वर्षभराने आलं आयबुक. दप्तरासारखी मूठ असलेलं, जवळजवळ तीन किलोचं धूड. किंमत १,५९९ डॉलर. त्याच वेळी पॉवरबुकची सुरुवात होती २,४९९ पासून.

मधले नऊशे डॉलर कुठे गेले, ते उघड दिसत होतं. पडदा बारा इंची, ८०० बाय ६००. पॉवरबुकचा चौदा इंची, अधिक बारीक ठिपक्यांचा. आयबुकमध्ये यूएसबी एकच, बाहेरचा पडदा जोडायची सोय नाही, मेमरी ३२ एमबी. बिनतारी इंटरनेट होतं, पण त्याच्या कार्डाचे ९९ डॉलर वेगळे आणि घरात लावायच्या डब्याचे २९९. कॉलेजातल्या मुलीने आयबुक उचलावं, छपाईखान्यातल्या माणसाने पॉवरबुक. दोघांनाही आपण कशाचे पैसे देतोय किंवा वाचवतोय हे कळत होतं.

माझ्या मते गोम इथे आहे. मॉडेलं चार की चौदा, हा मुद्दा दुय्यम. वरच्या पायरीचे जास्तीचे पैसे कशाचे, हे दुकानदाराला एका दमात सांगता आलं पाहिजे. आयबुकच्या जागी आलेल्या २००६ च्या मॅकबुकचंच बघा. पांढरं आणि काळं, दोघांत तेवढीच डिस्क घातली तरी काळं दीडशे डॉलरनी महाग. नुसत्या रंगाचे दीडशे! उद्धटपणाच तो, पण गिऱ्हाइकाची फसगत त्यात नव्हती.

दृश्य: पिवळट कागदी पाकीट. त्यातून बाहेर येणारा पातळ लॅपटॉप.

निवेदन:

जानेवारी २००८. हे पाकीट तुम्ही पाहिलं असेल. मॅकबुक एअर, १,७९९ डॉलर. चकतीऐवजी ६४ जीबीची चिप असलेलं हवं असेल तर तीन हजारांच्या वर. श्रीमंतांची चैन म्हणावी असं यंत्र.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एक कमी गाजलेली गोष्ट घडली. ॲल्युमिनियमचं नवं मॅकबुक आलं १,२९९ ला, आणि जुनं पांढरं प्लास्टिकचं ९९९ वर उतरवलं गेलं. हजाराला एक कमी. आपल्याकडे याला बाटाची किंमत म्हणतात. म्हणजे मॅकबुकची ही हजाराखालची फळी उघडली ती उरलेल्या मालाने.

दोन वर्षांनी चमत्कार झाला. ऑक्टोबर २०१० मध्ये अकरा इंची एअर आलं, ९९९ लाच. जे यंत्र माडीवर होतं ते ओसरीवर आलं, तेही नव्या अंगाने. २०११ च्या जुलैत पांढरं मॅकबुक दुकानातून गेलं. खाली एअर, वर मॅकबुक प्रो. लॅपटॉपचे दोनच चौकोन आणि दोन्ही भरलेले. यापेक्षा स्वच्छ मांडणी मला आठवत नाही.

ती फार काळ टिकली नाही.

दृश्य: एक लांब टेबल. त्यावर लॅपटॉप वाढत जातात. प्रत्येकाखाली किंमत.

निवेदन:

मार्च २०१५. नुसतं 'मॅकबुक' या नावाचं बारा इंची यंत्र. ९२० ग्रॅम. चार्जिंगपासून पेन ड्राइव्हपर्यंत सगळ्याला मिळून एकच भोक. किंमत १,२९९. आता तेरा इंची एअरचं वजन १.३५ किलो. म्हणजे ज्याचं नाव हवा, ते जड. आणि ज्याच्या नावात काहीच नाही, ते हलकं.

२०१४ पासून तेरा इंची एअर ९९९ लाच राहिलं, पण यंत्रही तेच राहिलं. आतली चिप अधूनमधून बदलायची, पडदा मात्र २०१० चा, १४४० बाय ९००.

ऑक्टोबर २०१८ मध्ये कळस झाला. टेबलावरचे भाव मी वाचतो, तुम्ही फक्त ऐका. जुनं एअर ९९९. नवं, चांगल्या पडद्याचं एअर १,१९९. बारा इंची मॅकबुक १,२९९. टचबार, म्हणजे कळांच्या वरची स्पर्शपट्टी, नसलेलं तेरा इंची प्रो, तेही १,२९९.

शंभर डॉलरच्या पट्ट्यात तीन नवी यंत्रं आणि दाराशी एक म्हातारं. प्रो घ्यावं तर ते एअरपेक्षा शंभरच डॉलरनी महाग, मग एअर का घ्यावं? मॅकबुक घ्यावं तर ते या सगळ्यांत अशक्त आणि भाव प्रोचा. मित्राने विचारलं कुठला घेऊ, तर सांगायचं काय? वीस वर्षांनी प्रश्न फिरून तिथेच आला होता, आणि या वेळी यादीत पंधरा प्रकार नव्हते, जेमतेम पाच होते.

पेच सोडवायला एक दिवस पुरला. जुलै २०१९ मध्ये जुनं एअर बंद, बारा इंची मॅकबुक बंद, नवं एअर १,०९९ वर. मार्च २०२० मध्ये ते ९९९ ला आलं. नोव्हेंबरात त्याच किमतीत ॲपलची स्वतःची एम-१ चिप बसली आणि फळीवर पुन्हा ताजा माल आला.

दृश्य: खरेदीचं पान. मेमरी आणि साठवणीचे पर्याय.

निवेदन:

गुंतागुंत मात्र नाहीशी झाली नव्हती, ती डब्याच्या आत शिरली होती. मेमरी ८ जीबीची १६ करा, दोनशे. साठवण २५६ ची ५१२ करा, आणखी दोनशे. ९९९ चं एअर १,३९९ वर पोचलं, म्हणजे १,२९९ च्या प्रोच्या पुढे. पाटीवर सर्वांत स्वस्त आकडा ठेवायचा आणि कमाई आतल्या पायऱ्यांवर करायची, हे गणित प्रत्येक लॅपटॉपवाल्याचं आहे. ॲपलचं जरा जास्त कोरडं. ८ ची अट सुटायला ऑक्टोबर २०२४ उजाडला. तेव्हा किंमत न वाढवता सगळ्या एअरमध्ये १६ आले.

आणि नुसती नावं पुसून मांडणी सोपी होते असं ज्यांना वाटतं, त्यांनी डेलकडे बघावं. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी एक्सपीएस, इन्स्पिरॉन, लॅटिट्यूड ही लोकांच्या तोंडी बसलेली नावं काढून टाकली. उरलं फक्त डेल, डेल प्रो आणि डेल प्रो मॅक्स. प्रत्येकात पुन्हा साधा, प्लस आणि प्रीमियम. म्हणजे डेल प्रो मॅक्स प्रीमियम. बारशाला चार आत्या जमल्या आणि चौघींचं मन राखलं गेलं, असं ते नाव. वर्षभरात एक्सपीएस हे नाव त्यांना परत आणावं लागलं.

दृश्य: मुंबई, वांद्रे-कुर्ला संकुल. ॲपलच्या दुकानातलं लाकडी टेबल.

निवेदन:

जुनी खोड ॲपललाही सुटली नव्हती. २०२२ मध्ये एम-२ चं एअर १,१९९ ला आलं, आणि ९९९ च्या फळीवर पुन्हा मागच्या पिढीचं एम-१ बसलं. ते हललं मार्च २०२४ मध्ये. तरी त्या जागी आलं ते एम-२, तेही शिळंच. ताजं यंत्र ९९९ ला मिळायला मार्च २०२५ उजाडला, एम-४ चं एअर. भारतात त्याची पाटी लागली ९९,९०० रुपयांची. आकडा वेगळा, पण इथेही लाखाला शंभर कमी. बाटाचीच किंमत.

ते जुनं एम-१ तरी भंगारात गेलं नाही. ॲपलच्या दुकानातून ते निघालं त्याच महिन्यात अमेरिकेत वॉलमार्टच्या फळीवर चढलं, ६९९ डॉलरला.