थिबा राजवाडा : कड्यावरचं घर, जांभा आणि पाऊस

मंडळी, कोल्हापुरातून मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा करत रत्नागिरी साधारण १३० किलोमीटर. आपल्याकडच्या गाड्यांना घाई गणपतीपुळ्याची असते, त्यामुळं थिबा राजवाड्याच्या वाट्याला अर्धा तास येतो. तेवढ्यात लोक दर्शनी बाजूचे फोटो काढतात आणि निघतात. माझं म्हणणं एवढंच, की हे घर आधी पश्चिमेच्या भिंतीपासून पाहावं. ते चुकीच्या जागी बांधलंय आणि तसं का बांधलं, यातच त्याचा सगळा इतिहास आहे.

आधी माणूस. थिबा हा ब्रह्मदेशाच्या कोनबाउंग घराण्यातला शेवटचा राजा. १८७८ मध्ये गादीवर आला आणि नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी राजधानी मंडाले घेतल्यावर पदच्युत झाला. वय तेव्हा २६. आधी मद्रास, मग एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी. रत्नागिरीच का? रेल्वे नाही, येणं-जाणं मुख्यतः आगबोटीचं, आणि पावसाळ्यात तीही बंद. राजाला पळता येऊ नये आणि बाहेरच्या कुणाला त्याच्यापर्यंत पोचता येऊ नये, यासाठी अशी जागा शोधून सापडली नसती. पहिली २४ वर्षं तो औट्रम हॉल आणि बेकर बंगला अशा दोन बंगल्यांत राहिला. तनखा पुरेना, म्हणून बरोबर आणलेली रत्नं विकली. वरिष्ठांकडं अर्जही सतत चालू होते. अखेर सरकारनं नवं घर बांधायला घेतलं आणि १९१० च्या अखेरीस कुटुंब तिथं राहायला गेलं. आराखड्यात थिबाचं मत घेतलं होतं, हे लक्षात ठेवा.

आता जागा. किनाऱ्यावरची जुनी कोकणी घरं बुटकी, माडांच्या आडोशाला, छप्पर जवळजवळ हाताला लागेल इतकं खाली. हे घर मात्र भाट्याच्या खाडीवरच्या उंच सड्यावर (कातळाच्या पठारावर), उघड्यावर, सुमारे २७ एकरांच्या आवारात तीन मजले उभं. समुद्र पाहायचा तर हीच जागा. पण नैर्ऋत्येचा पाऊस त्याच बाजूनं झोडपतो. जी देखाव्याची बाजू, तीच माराची. कोल्हापुरात वर्षाला साधारण १,००० मिलिमीटर पाऊस पडतो, रत्नागिरीत ३,००० च्या वर. स्थानिक गवंड्याला मोकळीक दिली असती, तर त्यानं घर इथं चढवलं नसतं. राजाला मान दिसायला हवा होता, सरकारला राजा नजरेसमोर हवा होता. सड्यानं दोघांचीही सोय केली.

बांधकामाचा दगड जांभा, म्हणजे कोकणातला तांबडा, छिद्रं असलेला दगड. आपल्या कोल्हापूरचा नवा राजवाडा (मेजर मँटचा, १८८४ मध्ये पुरा झालेला) काळ्या पाषाणाचा. तो पाणी जवळजवळ पीतच नाही. जांभा पितो. पन्हाळ्याच्या माथ्यावर तुम्ही तो पाहिलाय. खाणीतून ओला काढताना पहारीनं तासता येतो, उघड्यावर वाळत गेला की घट्ट होतो, म्हणून चिरे काढल्या काढल्या लावायचे नसतात. निवडताना हातोडीनं ठोकून बघायचं. भरीव आवाज आला तर ठेवायचा, बद्द आला तर बाजूला. छिद्रांत पांढरी-पिवळी माती भरलेली असेल, तर दोन-चार पावसाळ्यांत ती धुऊन जाते आणि भिंतीला खळगे पडतात.

अशा भिंतीच्या सांध्यांत चुन्याचा माल लागतो, म्हणजे एक भाग मुरवलेला चुना आणि दोन-तीन भाग वाळू. तो आत गेलेलं पाणी परत बाहेर सोडतो. वरून सिमेंटचा गिलावा मारला की पाणी आत कोंडतं, सुकताना क्षार पृष्ठभागामागं साठून फुगतात आणि गिलावा दगडाचा पापुद्रा घेऊनच सुटतो. खाडीची वाळू न धुता वापरली, तर हे क्षार आपणच भिंतीत भरतो. किनाऱ्यावरच्या कुठल्याही जुन्या जांभ्याच्या इमारतीची दुरुस्ती बिघडते ती बहुधा इथं. दुसरं, लोखंड. खाऱ्या हवेत खिळा गंजला की फुगतो आणि भोवतीचं लाकूड किंवा चिरा फोडतो.

छप्पर उतरतं, कौलारू. उन्हाळ्याच्या अखेरीस कौलं परतणं म्हणजे लाड नव्हे. एक कौल सरकलं की पाणी वाशावर, वाशावरून भिंतीच्या डोक्यात, आणि ओलीमागोमाग वाळवी. इथलं लाकूड ब्रह्मी साग, तेलकट असल्यानं वाळवीला बराच काळ दाद देत नाही. अर्धवर्तुळाकार, कोरीव खिडक्या आजही तग धरून आहेत त्या त्यामुळं. वरच्या मजल्यावर संगमरवरी फरशीचं नृत्यदालन आहे. मागच्या बाजूची बुद्धमूर्ती बहुतेकांची राहून जाते, ती चुकवू नका.

एवढ्या घरात थिबा राहिला जेमतेम सहा वर्षं. डिसेंबर १९१६ मध्ये वारला. पार्थिव मायदेशी नेऊ द्यावं म्हणून कुटुंब अडून बसलं. शेवटी मार्च १९१९ मध्ये त्याचं आणि १९१२ मध्ये वारलेल्या धाकट्या राणीचं दफन रत्नागिरीतच झालं. त्याची मुख्य राणी सुपयालत त्याच वर्षी रंगूनला परतली. घर सरकारी वापरात गेलं, काही काळ तंत्रनिकेतनही तिथं होतं, आता संग्रहालय आहे. समाधी राजवाड्यात नाही, शिवाजीनगर भागात आहे. २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन तिथं येऊन गेले.

जायचं तर जुलैत जा. पाऊस पडत असताना पश्चिमेची भिंत कुठं ओली होते आणि पागोळ्या कुठं पडतात, एवढं पाहून मग आत शिरा.