आत पेंढा नसतो, मंडळी!

नमस्कार मंडळी, लातूरहून बोलतोय. मागच्या व्हिडिओत मी बनवलेला डोडो दाखवला, मॉरिशसचा तो कधीच नामशेष झालेला पक्षी, अन् कमेंटमध्ये एकच रांग लागली, "दादा, आत पेंढा भरलाय का?" एकानं तर विचारलं, "पेंढा का कडबा?" अरे बाबा, कडब्याचा भाव बघितलास का? आमच्या म्हशीलाच पुरेना!

कृती पटकन सांगतो. सळई-तारेचा सांगाडा, त्यावर शाडू, मग साचा, मग फायबर. गणपतीच्या कारखान्यात शिकलो तेच. कोंबडीची अन् बदकाची पिसं शेपटीकडून डोक्याकडं, कौलं शाकारल्यासारखी चिकटवायची. डोळे काचेचे. झालं.

आता पेंढा. खराखुरा मेलेला प्राणी असला तरी आता त्यात पेंढा कोंबत नाहीत. आधी मापं घ्यायची, मग कातडं काढून कमवायचं. त्या मापानं अख्खं शरीर घडवायचं, दंडाची बेटकुळीसुद्धा, अन् त्यावर कातडं अंगरख्यासारखं चढवायचं. अमेरिकेत कार्ल एकलीनं शंभरएक वर्षांपूर्वी हीच रीत नावारूपाला आणली. हे मूर्तिकाराचं काम आहे, पोती भरणाऱ्या हमालाचं नाही.

पोत्यासारखं भरलं तर काय होतं? लंडनच्या हॉर्निमन म्युझियममधला वॉलरस बघा, बर्फाळ समुद्रातला सुळेवाला प्राणी. वॉलरसच्या अंगाला घड्या असतात, भरणाऱ्याला ते ठाऊकच नव्हतं. भरत गेला, भरत गेला... आजही ते बिचारं फुग्यासारखं टम्म बसलंय.

अन् डोडोचं तर कातडंच नाही, भरू कशात? जगात डोडोची म्हणून जी काही कातडी उरलीय ती ऑक्सफर्डला, एका डोक्याची अन् पायाची. बाकी हाडं. मॉरिशसच्या एका दलदलीत 1865 मध्ये ढिगानं सापडली. मग अंगलट ठरवायची कशावरून? जुन्या युरोपी चित्रांवरून? त्यात डोडो नुसता ढोल. ती चित्रं पिंजऱ्यात खाऊन माजलेल्या, नाहीतर जास्त भरलेल्या डोडोवरून काढली असावीत, असं बरेच अभ्यासक मानतात. बघा, तिथंही पेंढाच नडला!

मीही फसलो. माझा पहिला डोडो एका शाळेत गेला. पोट असलं सुटलेलं की पोरं त्याला 'हेडसर' म्हणायची. बिल अजून निघालेलं नाही, ते सोडा.

मग मला उस्ताद मन्सूरचं चित्र सापडलं. जहांगीर बादशहाचा चित्रकार. होय, आपल्या खडकीच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मलिक अंबरला जन्मभर शिव्या घालणारा तोच जहांगीर! त्या सुमारास सुरतेला जिवंत डोडो आले होते, पीटर मंडी नावाच्या इंग्रजानं दोन बघितल्याचं लिहून ठेवलंय. मन्सूरचा डोडो सडपातळ, मान वर. दुसरा डोडो मी त्याच्यावरून केला, हाडांच्या मापाशी ताडून.

अन् हात जोडून सांगतो, "शेतात मोर मेलाय, भरून द्या" असले फोटो पाठवू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मेलेला मोरही सरकारी मालमत्ता आहे. वनखात्याला कळवा. मी हात लावला तर दोघंही आत जाऊ.

हा माझ्या मागं उभाय तो दुसरा डोडो. आमचे दादा रोज संध्याकाळी येतात, त्याच्या पोटावर बोटानं टकटक करतात अन् म्हणतात, "पोकळ वाजलालंय की रे. थोडा कडबा टाक."